झेप घेणारं कुटुंब : उन्हाळी विज्ञानकथा गटाच्या प्रकल्प नोंदी

५ एप्रिल २०२५, शनिवार

वाचनालयाच्या उन्हाळी गटासाठी यंदा एकच मालिका घ्यायची, हे आज ग्रंथपाल काकांशी बोलून नक्की केलं. स्टीव्हन गूल्ड या अमेरिकन लेखकाची 'जम्पर' मालिका. एका क्षणात एका जागेवरून दुसऱ्या जागी 'झेप' घेणाऱ्या, म्हणजे टेलिपोर्ट करणाऱ्या, कुटुंबाची गोष्ट. पुस्तकं चार: 'जम्पर' (१९९२), 'रिफ्लेक्स' (२००४), 'इम्पल्स' (२०१३) आणि 'एक्झो' (२०१४). मधलं 'ग्रिफिन्स स्टोरी' (२००७) वगळलं, कारण ते २००८च्या चित्रपटाच्या जगाशी जोडलेलं आहे आणि त्या जगाचे नियम निराळे आहेत. चित्रपट मुलांनी पाहिलेला असला तर उत्तमच, पण त्यात टेलिपोर्ट करणाऱ्यांच्या मागे लागलेली जी टोळी आहे, ती पहिल्या कादंबरीत कुठेच नाही. हे पहिल्याच दिवशी सांगून टाकायचं.

गट नववी ते बारावीचा. मी गोष्ट मराठीत सांगणार, निवडलेले उतारे मुलं इंग्रजीतून वाचणार आणि प्रत्येक बैठकीत एक गणित सोडवायचंच. काकांना शंका होती, "मॅडम, सुट्टीत गणित दिलं तर येतील का पोरं?" येतील. गणिताशिवाय ही मालिका वाचली तर तिची अर्धी गंमत हातातून जाते. गूल्डने १९९२ मध्ये एक नियम मांडला, आणि वीस वर्षांनी त्याच नियमाच्या पोटातून नवी गोष्ट काढली. लेखक आपल्याच नियमाला असा प्रश्न विचारतो, हे मुलांना उलगडून दाखवायचं आहे. माझ्यासाठी सगळा प्रकल्प एवढ्याचसाठी आहे.

९ एप्रिल, बुधवार

उतारे निवडायला बसले. पहिल्याच पानांशी थांबावं लागलं.

डेव्ही राइस, वय सतरा. आई घर सोडून गेलेली, वडील दारूडे आणि मारकुटे. वडील पट्टा उगारतात आणि पुढच्या क्षणी डेव्ही गावातल्या सार्वजनिक वाचनालयात, कादंबऱ्यांच्या कपाटांसमोर उभा असतो. त्याची पहिली झेप ती. वाचनालयातच का? त्या मुलाला गावात सुरक्षित वाटणारी जागा तेवढीच होती म्हणून. घर सोडून पळाल्यावर त्याच्यावर लैंगिक अत्याचाराचा प्रयत्नही होतो. अमेरिकन लायब्ररी असोसिएशनने १९९० ते ९९ या दशकात सर्वाधिक आक्षेप घेतल्या गेलेल्या शंभर पुस्तकांची यादी केली, तिच्यात 'जम्पर' आहे.

ठरवलं ते असं: पट्ट्याचा प्रसंग वाचायचाच. तो गाळला तर झेप म्हणजे नुसती जादू उरते. दुसरा प्रसंग गटात वाचायचा नाही, पण पुस्तकात तो आहे हे पालकांना आधी लेखी कळवायचं. प्रत्येक टिपणाच्या खाली चाइल्डलाइनचा क्रमांक १०९८ छापायचा, आणि "माझ्याशी किंवा काकांशी बैठकीनंतर बोलता येईल" ही ओळही. पंधरा-वीस मुलं जिथे जमतात तिथे एखादं मूल घरी मार खाणारं असू शकतं, हे धरूनच चालायला हवं.

१९ एप्रिल, शनिवार. पहिली बैठक

डेव्ही वाचनालयात पोचतो तो उतारा वाचनालयातच वाचला. मुलं आपसूक कपाटांकडे बघायला लागली.

मग नियम सांगितला. या कुटुंबातल्या माणसाला जिथे जायचं ती जागा डोळ्यांपुढे स्वच्छ उभी करता आली पाहिजे. म्हणजे तिथे आधी जाऊन आलेलं तरी असायला हवं, किंवा ती समोर दिसत तरी असायला हवी. आठवण पुसट होऊ नये म्हणून डेव्ही जागांचं व्हिडिओ चित्रण करून ठेवतो आणि झेप घेण्याआधी ते पुन्हा पाहतो. नव्या ठिकाणी मात्र त्यालाही पहिल्यांदा विमानानेच जावं लागतं. लेखकाने नायकाला सगळं जग दिलं खरं, पण तिकीट काढायला लावलं, हे मला फार आवडतं.

त्यावरून अभ्यास दिला: डोळे मिटा, एक जागा निवडा, आणि तिथे उतरता येईल इतकी नेमकी ती सांगा. नववीतल्या एका मुलीने पाटणकडच्या आजोळची पडवी घेतली. सारवलेली जमीन, भिंतीला टेकवलेली घोंगडी, कोपऱ्यात जातं, जात्याच्या खुंट्याला बांधलेली चिंधी. सगळे ऐकत राहिले. मी विचारलं, "दार आत उघडतं की बाहेर?" ती अडली. मग डोळे न उघडताच हात पुढे करून तिने दार ढकलल्यासारखं केलं आणि म्हणाली, "आत. कडी वाजते." हाताला आठवत होतं. दुसऱ्या एकाने एसटी स्टँड निवडला. डिझेलचा वास, भोंग्यावरची घोषणा, वडापावच्या गाडीवरचा तळणीचा आवाज हे सगळं त्याला आलं, पण फलाटावर कुठला खांब कुठे आहे ते सांगता येईना. गटाने निकाल दिला की हा स्टँडवर पोचणार नाही.

यावरून वाद रंगला. मोबाइलवर रस्त्याचं चित्र बघून जाता येईल का? पुस्तकाच्या नियमाने येणार नाही. पाहिलेली जागा चित्राने ताजी होते, न पाहिलेली जागा चित्राने आपली होत नाही. जागा बदलली तर काय, हा प्रश्न अकरावीतल्या मुलाने काढला: "ताई, आमचा जुना वाडा पाडला. मला तो पक्का आठवतो. मी कुठे जाईन?" गूल्डच्या नियमात याचं तयार उत्तर नाही. तो प्रश्न फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवला.

२३ एप्रिल, बुधवार. वेगाची तयारी

पुढच्या बैठकीचं गणित आज करून पाहिलं. ते इतकं सुंदर निघालं की सविस्तर लिहून ठेवते.

पृथ्वी फिरते, म्हणून विषुववृत्तावर उभा असलेला माणूस सेकंदाला सुमारे ४६५ मीटर वेगाने पूर्वेकडे जात असतो. इतर ठिकाणी या आकड्याला अक्षांशाच्या कोसाइनने गुणायचं. पुण्यात ४४१, मुंबईत ४४०, न्यूयॉर्कमध्ये साधारण ३५३, लंडनमध्ये २९० मीटर. आपल्याला हे जाणवत नाही, कारण आजूबाजूची जमीन, हवा, घर सगळं त्याच वेगाने चाललेलं असतं. पण एका क्षणात जागा बदलली आणि अंगातला वेग मात्र जुन्या जागेचाच राहिला, तर?

पुणे ते मुंबई घेतलं. वेगाच्या आकड्यांत फरक जेमतेम एक मीटरचा, त्यामुळे वाटतं की काही होणार नाही. पण गोम दिशेत आहे. दोन शहरांच्या रेखांशांत साधारण एक अंशाचा फरक आहे, म्हणून पुण्याची 'पूर्व' आणि मुंबईची 'पूर्व' एकमेकींशी एक अंशाने कललेल्या आहेत. एवढ्याने सेकंदाला आठ मीटरच्या आसपास फरक पडतो, आणि तो जवळजवळ सगळा उभ्या दिशेत असतो! पुण्याहून मुंबईला, म्हणजे पश्चिमेला, झेप घेतली तर माणूस जमिनीवर आपटेल, पावणेतीन-तीन मीटर उंचीवरून पडल्यासारखा. मुंबईहून पुण्याला यायचं तर उलट, तो तेवढाच वर फेकला जाईल आणि घरात उतरला असेल तर डोकं छताला लागेल. म्हणजे रोज अप-डाउन करणाऱ्याने सकाळी गादीवर उतरायचं आणि संध्याकाळी गच्चीत.

डेव्ही न्यूयॉर्कमध्ये राहतो आणि त्याची मैत्रीण मिली ओक्लाहोमातल्या स्टिलवॉटरला शिकते. त्या दोन गावांमधला फरक काढला: सेकंदाला जवळजवळ १४८ मीटर, म्हणजे ताशी ५३० किलोमीटर. मुंबई ते लंडन सेकंदाला सुमारे ४५० मीटर, आवाजाच्या वेगापेक्षाही जास्त. कुणीच जिवंत राहणार नाही.

उंचीचाही हिशोब आहे. समुद्रकाठच्या मुंबईतून महाबळेश्वरला जाताना साधारण १३५० मीटर चढायचं. प्रत्येक किलो वजनामागे १३ किलोज्यूल ऊर्जा लागते. ती शरीराच्या उष्णतेतून घेतली असं धरलं, तर अंगाचं तापमान पावणेचार अंशांनी उतरतं. खाली येताना तेवढंच चढतं, म्हणजे ३७ वरून थेट ४१ च्या जवळ. दोन्ही बाजूंनी दवाखाना. टेलिपोर्टेशनच्या या अडचणी लॅरी निव्हन या विज्ञानकथाकाराने फार पूर्वी एका लेखात मांडल्या होत्या. आपल्या गावांची नावं घालून त्या सोडवल्या की मुलांच्या जास्त पचनी पडतील.

आणि डेव्हीला यातलं काहीच होत नाही. तो अलगद उतरतो. पडता पडता झेप घेतली तरी दुसरीकडे स्थिर उभा राहतो. म्हणजे झेपेबरोबर त्याचा वेगही आपोआप नव्या जागेला जुळतो.

२६ एप्रिल, शनिवार. दुसरी बैठक

पृथ्वीगोल, टाचण्या, दोरा. दोन टाचण्यांना कागदाचे छोटे बाण चिकटवले, दोन्ही पूर्वेकडे. गोल हळूहळू फिरवला की दोन्ही बाण 'पूर्वेकडेच' दाखवत असूनही एकमेकांना समांतर नाहीत, हे डोळ्यांना दिसतं. मुंबई-लंडनची टाचणी लावल्यावर तर बाण सरळसरळ निराळ्या दिशांना गेले. हे सूत्राने समजवायला तास गेला असता.

आकडे मुलांनीच काढले. पुणे-मुंबईचं उत्तर आलं तेव्हा एकच कल्ला झाला. बारावीतली मुलगी म्हणाली, "मग डेव्ही मरत कसा नाही? लेखकाने चूक केली का?" याच प्रश्नाची वाट बघत होते. तिला सांगितलं, हा प्रश्न जपून ठेव, गूल्डनेही जपला होता. तिसऱ्या पुस्तकात उत्तर आहे. तिने ते पुस्तक त्याच संध्याकाळी घरी नेलं.

३ मे, शनिवार. 'रिफ्लेक्स'

हे पुस्तक थोडक्यात घेतलं. डेव्हीला पळवून नेतात आणि त्याच्या शरीरात एक यंत्र बसवतात, ज्याच्या तारा व्हेगस मज्जातंतूला, म्हणजे मेंदूपासून गळ्यातून छाती-पोटापर्यंत जाणाऱ्या मज्जातंतूला, जोडलेल्या असतात. आखून दिलेल्या जागेबाहेर गेला की उलट्या, खोकला, हाल. छळाचे तपशील बरेच आहेत, ते मी गाळले. तंत्र मात्र हवेतलं नाही. अपस्मारावर उपचार म्हणून व्हेगस मज्जातंतूला विजेचे सौम्य धक्के देणाऱ्या उपकरणाला अमेरिकेत १९९७ मध्ये मान्यता मिळाली, आणि खोकला, आवाज बसणं हे त्याचे माहीत असलेले दुष्परिणाम आहेत. बरं करणारी वस्तू बेडी म्हणून वापरली तर काय होईल, एवढंच गूल्डने पुढे नेलं.

दुसरी गोष्ट मिलीची. लग्नानंतर इतकी वर्षं ती नवऱ्याच्या आधाराने ये-जा करत होती. टेक्सासमधल्या ओसाड कड्यातलं त्यांचं घर असं आहे की झेपेशिवाय तिथून बाहेर पडणं जवळजवळ अशक्य. डेव्ही परत येत नाही, ती एकटी अडकते, कडा उतरायला जाते, पडते, आणि पडता पडता तिला झेप जमते. एक मुलगी पटकन म्हणाली, "म्हणजे तिला आधीपासून येत होतं, गरज पडली नव्हती." त्यावर बराच वेळ बोलणं झालं. माझं मत असं की मिली हीच या मालिकेतली सगळ्यात खंबीर व्यक्ती आहे. डेव्हीचं बळ रागातून येतं, तिचं विचारातून.

६ मे, मंगळवार

एका पालकांचा निरोप: "खरं टेलिपोर्टेशन झालंय असं मुलगा म्हणतो, ते खरं का?" टिपणात यावर एक परिच्छेद घालते.

झालंय, पण वस्तूंचं नाही. १९९३ मध्ये चार्ल्स बेनेट आणि इतर पाच शास्त्रज्ञांनी क्वांटम टेलिपोर्टेशनची कल्पना मांडली. १९९७ मध्ये इन्सब्रुकला अँटोन झाइलिंगर यांच्या गटाने ती प्रयोगात दाखवली. २०१७ मध्ये चिनी शास्त्रज्ञांनी जमिनीवरून मिसियस उपग्रहापर्यंत, १४०० किलोमीटरपर्यंतच्या अंतरावर ती साधली. यात एका फोटॉनची, म्हणजे प्रकाशकणाची, अवस्था दुसऱ्या फोटॉनमध्ये उतरते, मूळ फोटॉनची ती अवस्था मोडते, आणि सोबत साधा संदेश पाठवावाच लागतो, म्हणून प्रकाशापेक्षा वेगाने काहीही जात नाही. माणूस इकडून तिकडे नेण्याशी याचा संबंध नावापुरता.

१० मे, शनिवार. 'इम्पल्स'

आजची बैठक ठरल्यापेक्षा कितीतरी लांबली.

डेव्ही आणि मिलीची मुलगी मिलिसेंट, घरात सगळे सेंट म्हणतात. आईबाप तिला जगापासून लपवून वाढवतात, कॅनडातल्या युकॉनच्या बर्फात, सर्वांत जवळच्या माणसापासून कित्येक मैल दूर. भीती खरीच आहे, डेव्हीवर काय गुदरलं ते आपण वाचलंय. पण मुलीला शाळा हवी आहे, मैत्रिणी हव्या आहेत. चोरून स्नोबोर्डिंगला जाते, हिमलोटात सापडते, आणि तिची पहिली झेप तिथे.

तिघांच्या पहिल्या झेपा फळ्यावर शेजारी शेजारी लिहिल्या. पट्टा, कडा, हिमलोट. तिन्ही वेळी जीव वाचवायला. अकरावीतला तो वाड्याचा मुलगा म्हणाला, "डेव्ही माणसापासून पळाला, बाकीच्या दोघी निसर्गातून सुटल्या." हे मला सुचलं नव्हतं. सेंटला घरी कुणी कधी मारलेलं नाही. ज्या घरात बाप स्वतः मार खाऊन वाढला, त्या घरात मुलीला कोणाचा हात चुकवावा लागत नाही. गूल्ड हे कुठे मोठ्या अक्षरांत सांगत नाही, पण चार पुस्तकांच्या मुळाशी तेच आहे असं मी मानते.

मग बारावीतल्या मुलीचा जपून ठेवलेला प्रश्न. पुस्तक वाचून ती तयारच होती, म्हणून खडू तिच्याकडे दिला. सेंट विचार करते तो असा: आपण वेगवेगळ्या अक्षांशांवर जातो आणि तरी आपटत नाही, याचा अर्थ झेप घेताना आपण वेगही बदलतो. म्हणजे वेग बदलणं आपल्याला येतंच. मग जागा न बदलता नुसता वेग बदलला तर? आणि तिला ते जमतं. उभ्या जागेवरून ती हवेत झेपावते.

१९९२ मध्ये ज्या गोष्टीकडे वाचक काणाडोळा करू शकत होता, तीच २०१३ मध्ये दार झाली. लेखकाला नवा चमत्कार आणावा लागला नाही, जुन्याचाच हिशोब पुरा करावा लागला. मुलीने फळ्यावर लिहिलं: "जागा + वेग = झेप. जागा बदलली नाही तर फक्त वेग." आणि खाली दोन रेघा मारल्या. विज्ञानकथा लिहू पाहणाऱ्या कुणालाही मी हेच उदाहरण देईन.

१७ मे, शनिवार. 'एक्झो', भाग पहिला

वेग मनासारखा बदलता येत असेल तर आकाशात जायला रॉकेट कशाला? सेंट तेच करते.

सुरुवात कक्षेपासून. ४०० किलोमीटर उंचीवर नुसतं पोचून भागत नाही. तिथेही गुरुत्वाकर्षण जमिनीवरच्या जवळजवळ नव्वद टक्के असतं. आडवा वेग नसेल तर चार-सव्वाचार मिनिटांत माणूस पुन्हा हवेच्या थरांत कोसळतो. टिकून राहायचं तर सेकंदाला ७.६७ किलोमीटर आडवा वेग हवा. मुलांनी त्या वेगाची ऊर्जा काढली: पोशाखासकट ८० किलो वजनाला सुमारे २३५० मेगाज्यूल, म्हणजे विजेची ६५० युनिटं. महिन्याला दोनशे युनिट वापरणाऱ्या घराची तीन महिन्यांहून जास्त वीज. "एवढीच?" असा सूर निघाला. खरंच एवढीच. रॉकेट अवाढव्य असतं ते मुख्यतः स्वतःचं इंधनच वर न्यायचं असतं म्हणून. सेंटला ते ओझं नाही. ही ऊर्जा तिच्यात येते कुठून, ते मात्र चारही पुस्तकांत अनुत्तरित राहतं, आणि एक अशक्य गोष्ट गृहीत धरायचा हक्क मी लेखकाला देते.

पोशाखावर सगळ्यांत जास्त वेळ गेला, कारण 'एक्झो'चा जीव तिथेच आहे. नेहमीचा अंतराळ पोशाख म्हणजे प्राणवायू भरलेली पिशवी. दाब २९-३० किलोपास्कल, जमिनीवरच्या हवेच्या दाबाच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही थोडा कमी. तरी निर्वातात तो फुगून ताठ होतो. १८ मार्च १९६५ ला अलेक्सेई लिओनोव्ह पहिल्यांदा यानाबाहेर तरंगले, आणि पोशाख इतका फुगला की आत शिरता येईना. शेवटी त्यांनी पोशाखातला दाब कमी केला आणि जीव धोक्यात घालून आत आले. दुसरा मार्ग पॉल वेब यांनी १९६० च्या दशकात शोधला: हवेऐवजी घट्ट लवचीक कापडानेच कातडीवर दाब द्यायचा, हवा फक्त डोक्याभोवती. एमआयटीत डेव्हा न्यूमन यांनी पुढे याच दिशेने काम केलं. सेंट एका तरुण संशोधकाच्या मदतीने असाच अंगासरशी पोशाख मिळवते.

"कापडाने कसं भागेल? रक्त उकळणार नाही?" म्हणून दोन खऱ्या घटना सांगितल्या. १६ ऑगस्ट १९६० ला जोसेफ किटिंजर यांनी ३१ किलोमीटर उंचीवरच्या फुग्यातून उडी घेतली. वर जातानाच त्यांच्या उजव्या हातमोज्यातला दाब गेला होता. हात सुजला, दुखला, निकामी झाला, आणि खाली आल्यावर काही तासांत पूर्ववत झाला. कातडी आपल्याला वाटते त्याहून चिवट असते. १९६६ मध्ये नासाच्या निर्वात कक्षात जिम लेब्लांक यांच्या पोशाखाची नळी सुटली. चौदा-पंधरा सेकंदांत शुद्ध गेली. त्याआधीची त्यांची शेवटची आठवण जिभेवर थुंकीचे बुडबुडे फुटत असल्याची. दाब वेळेत परत आला म्हणून ते वाचले. वर्गात सगळ्यांनी नकळत जीभ टाळूला लावली.

सेंटला एक सोय आहे जी कुठल्याच अंतराळवीराला नाही. काही बिघडलं तर ती डोळ्याची पापणी लवते न लवते तोच घरी.

२० मे, मंगळवार

आज पहाटे पुण्यात डॉ. जयंत नारळीकर गेले.

टिपण बाजूला ठेवलं. आमच्या पिढीने विज्ञानकथा म्हणून जे पहिल्यांदा हातात घेतलं, ते त्यांचं होतं. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा नारायण विनायक जगताप या नावाने पाठवली, म्हणजे आपलीच आद्याक्षरं उलटी करून. जगभर नाव झालेल्या खगोलशास्त्रज्ञाला आपल्या नावावर बक्षीस नको होतं. कथेला पहिलं बक्षीस मिळालं. 'यक्षांची देणगी' आणि 'वामन परत न आला' वाचनालयातून मी किती वेळा नेली असतील त्याला गणती नाही.

काकांनी संध्याकाळी नारळीकरांची सगळी पुस्तकं कपाटातून काढून दर्शनी टेबलावर मांडली. गटातली मुलं न बोलावता आली. 'कृष्णविवर' मोठ्याने वाचली, आळीपाळीने. कृष्णविवराजवळ काळ संथ होतो, हा एकच नियम आणि त्यातून माणसाच्या वाट्याला येणारी ताटातूट. मुलांना काही वेगळं सांगावं लागलं नाही. बारावीतली मुलगी म्हणाली, "ताई, हेपण तसंच आहे. नियम एक, मग तो शेवटपर्यंत पाळायचा."

२४ मे, शनिवार. 'एक्झो', भाग दुसरा

सेंट वर पोचते, आणि वर कचरा आहे. ती उपग्रह सोडण्याची आणि कचरा काढण्याची कामं घेऊ लागते.

डोनाल्ड केसलर आणि बर्टन कूर-पॅले यांनी १९७८ मध्ये दाखवलं की कक्षेत गर्दी वाढली तर टकरींतून तुकडे, तुकड्यांतून आणखी टकरी अशी साखळी लागू शकते. १० फेब्रुवारी २००९ ला सायबेरियावर, सुमारे ७९० किलोमीटर उंचीवर, इरिडियम ३३ आणि निकामी कॉसमॉस २२५१ हे दोन उपग्रह सेकंदाला ११.७ किलोमीटर वेगाने आदळले. त्याआधी जानेवारी २००७ मध्ये चीनने स्वतःचा एक हवामान उपग्रह क्षेपणास्त्राने फोडला, त्याचे नोंदले गेलेले तुकडेच तीन हजारांच्या वर. मार्च २०१९ मध्ये भारतानेही 'मिशन शक्ती'त आपला उपग्रह पाडला, पण ३०० किलोमीटरच्या आतबाहेर, जिथून तुकडे तुलनेने लवकर खाली येतात. एका मुलाने विचारलं, "मग आपण बरोबर केलं का?" मी म्हटलं, उंची विचार करून निवडली हे खरं, आणि असे प्रयोग कुणीच करू नयेत असं माझं मत हेही खरं.

गणित: एक सेंटिमीटर व्यासाची अॅल्युमिनियमची गोळी, वजन १.४ ग्रॅम, वेग सेकंदाला १० किलोमीटर. ऊर्जा ७० किलोज्यूल. तेवढीच ऊर्जा ताशी ४३ किलोमीटरने जाणाऱ्या हजार किलोच्या मोटारीत असते. सेंटच्या अंगावर पोशाख कापडाचा आहे, हे मुलांना आता निराळ्या अर्थाने कळलं.

शेवटी आजी. सेंटची आजी, मिलीची आई, फार आजारी आहे. स्वतःचं वजन पेलणंच तिच्या शरीराला जड झालंय. कुटुंब तिला वर नेतं, वजनरहित घरात. अडचणी मी मांडल्या: अंगातलं पाणी डोक्याकडे सरकतं, हाडं महिन्याला एक-दीड टक्क्याने झिजतात. नववीतली आजोळवाली मुलगी म्हणाली, "माझ्या आजीचे गुडघे गेलेत. ती पडवीतून उठत नाही. हाडं झिजली तरी चालतील म्हणेल ती." त्यावर कुणी काही बोललं नाही आणि मीही बोलले नाही. बापापासून पळून सुरू झालेल्या मालिकेत शेवटी अख्खं कुटुंब मिळून एका म्हातारीला उचलून नेतं, आणि तेही तिला काय हवं ते विचारून.

३१ मे, शनिवार

बैठका संपल्या, कामं उरली आहेत.

फळ्याच्या कोपऱ्यातला पाडलेल्या वाड्याचा प्रश्न मुलांनी स्वतःच एका कथेसाठी घेतला. नियमही ठरवून टाकला: आठवणीतली जागा आज नसेल तर झेप लागतच नाही, माणूस जागच्या जागी राहतो. दोघं मिळून लिहिणार आहेत. दुसरा गट हवेच्या मागे लागलाय. माणूस जिथे उतरतो तिथली सत्तर लिटर हवा, म्हणजे साधारण ८४ ग्रॅम, क्षणात कुठे जाते? ती बाजूला ढकलली गेली तर किती मोठा आवाज होईल? दोन जागांची हवा अदलाबदल होते असं धरलं तर दमट मुंबईची हवा महाबळेश्वरात सुटेल का? हे त्यांचं त्यांनी शोधायचं आहे. मी फक्त वायूंच्या नियमांचं पान काढून दिलं.

दहावीला जाणाऱ्या एका मुलाने साताऱ्याहून महाराष्ट्रातल्या प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणी झेप घेतली तर काय होईल, याचा तक्ता सुरू केलाय. गडचिरोलीचा आकडा आज तपासला: रेखांशात सहा अंशांचा फरक, वेगात सेकंदाला सुमारे ४६ मीटरचा. पूर्वेकडे जायचं असल्याने माणूस वर फेकला जाईल, हवेचा विरोध सोडला तर ९५ मीटरच्या आसपास. त्याचं उत्तर बरोबर आहे. सिंधुदुर्ग, नंदुरबार आणि गोंदिया राहिलेत. शाळा सुरू व्हायच्या आत तक्ता पुरा झाला तर काका तो वाचनालयाच्या फलकावर लावणार आहेत. त्याला ओरोसचे, म्हणजे सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या ठिकाणाचे, अक्षांश-रेखांश हवे आहेत, उद्या नकाशा काढून द्यायचा.